तिला प्रशिक्षणाला पाठवण्याआधी तिची थकलेली बिलं पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं तर दुरुस्त करा. यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तुमची संस्था बारा वर्षं काम करते. अठरा माणसं आहेत. तुम्ही आणि तुमचे सहकारी पुण्याहून आलात आणि इथेच राहिलात. दीड वर्षापूर्वी एका देणगीदाराने विचारलं की, ज्यांच्यासाठी काम करता त्या समाजातलं तुमच्या नेतृत्वात कोण आहे? तुम्हालाही ते बऱ्याच दिवसांपासून टोचत होतं. म्हणून आठ वर्षं गावपातळीवर उत्तम काम केलेल्या एका कोलाम ताईंना तुम्ही प्रकल्प समन्वयक केलं. वर्ष झालं. आता त्या आढावा बैठकीत बोलत नाहीत, त्यांच्या गावभेटी कमी झाल्या आहेत, अहवाल उशिरा येतो आणि पुरुष कार्यकर्ते त्यांना विचारत नाहीत. कार्यकारिणीतले दोघे म्हणतात, घाई झाली, पद काढून घ्या. तुम्हाला ते पटत नाही, म्हणून तुम्ही विचारता आहात की त्यांना नेतृत्व विकासाचं कुठलं प्रशिक्षण द्यावं.

प्रशिक्षणाचं नंतर बघू. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांचं मूळ त्या बाईत नाही, ऑफिसच्या कपाटात सापडलं आहे. तुमच्या ताईंना मी भेटलेली नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत माझा अंदाज चुकू शकतो. तो कुठे चुकू शकतो तेही पुढे सांगते.

मी १९९८ पासून वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत हे काम करते आहे. आधी कार्यकर्ती, मग बरीच वर्षं एका संस्थेची सचिव, आता त्याच संस्थेत मताचा अधिकार नसलेली सल्लागार. घर वर्ध्याजवळच्या कुणबी शेतकऱ्याचं. म्हणजे गावची होते, पण ज्यांच्यात काम केलं त्यांच्यातली नव्हते. हा फरक मला कळायला दहा वर्षं लागली, आणि तोवर माझ्या हातून जे झालं त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

सुरुवात गावभेटींपासून करू या, कारण तुमच्या प्रश्नात ती ओळ तुम्ही एका वाक्यात उरकली आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आठ वर्षं जी बाई उन्हातान्हात पोडावर पोचत होती, ती समन्वयक झाल्यावर जायची का थांबली? आळस असता तर आठ वर्षं लपला नसता. मला विचाराल तर पहिला प्रश्न हा, की तुमच्याकडे गावभेटीचा खर्च आधी कोण करतं?

आपल्या बहुतेक संस्थांत पद्धत अशी असते. कार्यकर्त्याने स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकायचं, बैठकीचा चहा, झेरॉक्स, रिचार्ज करायचा, महिनाअखेर बिलं जोडून फॉर्म द्यायचा. लेखापाल तपासणार, एखादं बिल परत पाठवणार, आणि देणगीदाराचा हप्ता आला नसेल तर सगळं थांबणार. हा नियम सगळ्यांना सारखाच, म्हणून त्यात कुणाला काही गैर दिसत नाही.

आमच्याकडे घाटंजी भागात एक ताई होत्या. आधी पाच गावं सांभाळायच्या, त्यातली तीन पायी जाण्यासारखी. समन्वयक झाल्यावर बावीस गावं आली. नवऱ्याची मोटरसायकल, पेट्रोल यांचं, आणि तो दिवसभर गाडी चालवणार म्हणजे त्याची मजुरी बुडाली. चार महिन्यांत त्यांची सहा हजारांहून जास्त रक्कम ऑफिसात अडकली होती. मानधन होतं साडेसात हजार. जून आला, बियाणं घ्यायचं होतं. त्यांनी काय केलं ते मला नंतर त्यांच्या शेजारणीकडून कळलं: बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्ज काढलं आणि त्यातले पैसे घालून संस्थेची गावं फिरल्या. ते संपले तेव्हा फिरणं थांबलं. आम्ही इकडे आढाव्यात लिहीत होतो, “पुढाकारात घट.”

मी त्यांना विचारलं की सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, “पद भेटलं अन् लगेच पैसे मागून राह्यली, असं म्हणलं असतं लोकायनं.”

त्यांच्या आधीचा समन्वयक नागपूरचा, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेला मुलगा. त्याचीही बिलं अशीच थकायची. तो चिडायचा, पण फिरायचा, कारण घरून पैसे यायचे आणि त्याच्या खात्यात दोन महिने निघतील एवढं असायचं. नियम दोघांना एकच होता. एकाला त्याचा त्रास झाला, दुसरीला त्याने कर्जात घातलं. इक्विटी हा शब्द आता प्रत्येक प्रस्तावात असतो, मराठीत त्याला कुणी समन्याय म्हणतं, कुणी समता. नव्या मुलांना समजावताना मी व्याख्या सांगत नाही, ही बिलांची फाइल दाखवते.

आम्ही ते असं बदललं. महिन्याच्या एक तारखेला समन्वयकाच्या खात्यात पाच हजार अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, जमा होतो. महिनाअखेर हिशोब देऊन पुढचा मिळतो. काळीपिवळीचं तिकीट मिळत नाही, म्हणून तारीख, कुठून कुठे, किती रुपये आणि सही असा एक साधा तक्ता केला. आमचे ऑडिटर आधी नाराज होते. त्यांच्यासमोर तक्ता ठेवला, कार्यकारिणीचा ठराव जोडला, तेव्हा त्यांनी मान्य केलं. गाडी चालवणाऱ्याची मजुरीही आम्ही वाहतूक खर्चात धरली. वर्षाला फार रक्कम वाढली नाही. गावभेटी दोन महिन्यांत पूर्वपदावर आल्या, आणि अहवालही, कारण ज्या गावाला गेलोच नाही त्याचा अहवाल प्रामाणिक बाई लिहू शकत नाही. उशिरा येणाऱ्या अहवालाचं कारण पुष्कळदा हेच असतं.

याच कपाटात आणखी एक कागद बघा: हजेरीपट. त्यात कोणाला ‘पगार’ आहे आणि कोणाला ‘मानधन’? आमच्याकडे बाहेरून आलेल्यांना पगार होता, पीएफ होता, रजा होती. गावातल्यांना मानधन होतं आणि यातलं काही नव्हतं. मान या शब्दाने धनाची भरपाई करायची आपल्या क्षेत्राला सवय आहे. समन्वयक केल्यावर तुमच्या ताईंचं पत्र बदललं का, की पद बदललं आणि मानधनात दोन हजार वाढवले? आधीच्या समन्वयकाला जे मिळत होतं त्याच्या शेजारी त्यांचा आकडा लिहून पाहा. फरक असेल आणि तुम्ही तो ‘शिक्षण कमी आहे’ असं सांगून भरत असाल, तर बाकीचे कार्यकर्तेही तो फरक वाचतात. पुरुष कार्यकर्ते ऐकत नाहीत, त्यात याचाही वाटा असतो. ज्या माणसाला संस्थाच अर्धं मोजते त्याला टीम पूर्ण का मोजेल?

आता बैठकीतल्या गप्प बसण्याबद्दल.

तुमची आढावा बैठक कुठे होते, कोणत्या भाषेत होते, आणि पहिलं कोण बोलतं? माझा अंदाज: ऑफिसात, प्रोजेक्टरवर एक्सेल, प्रमाण मराठीत, मध्येमध्ये ‘आउटपुट’ आणि ‘व्हेरिअन्स’, आणि सुरुवात तुम्ही करता. तुमच्या ताई घरी कोलामी बोलतात, बाजारात वऱ्हाडी. प्रमाण मराठी त्यांची तिसरी भाषा झाली आणि एक्सेल चौथी. त्याच बाईला पोडाच्या चावडीवर चाळीस माणसांसमोर नाइकाशी, म्हणजे पोडाच्या प्रमुखाशी, वनहक्काच्या दाव्यावरून वाद घालताना तुम्ही पाहिलं असणार, नाहीतर तुम्ही तिला निवडलंच नसतं. म्हणजे बोलता येत नाही असं नाही. त्या खोलीत बोलता येत नाही.

आम्ही बैठक हलवली. महिन्याची आढावा बैठक पाळीपाळीने गावात घ्यायला लागलो, आकडे चार्ट पेपरवर मांडायला लागलो, आणि एक नियम केला की सचिवाने शेवटी बोलायचं. तो नियम मला सगळ्यात जड गेला. मी सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचे, अगदी प्रेमाने, आणि त्या पाच मिनिटांत बैठकीचा निकाल लागलेला असायचा. पुढचे सगळे माझ्याच म्हणण्याला दुजोरा द्यायचे. पहिल्या तीन बैठका अवघड गेल्या, लांबलचक शांतता पडायची. चौथ्या बैठकीत एका कार्यकर्तीने सांगितलं की आमचा परसबागेचा कार्यक्रम पाण्याअभावी अर्ध्या गावांत बंद पडला आहे आणि आम्ही फोटो मात्र जुनेच पाठवतो आहोत. हे तिला वर्षभर माहीत होतं.

हंगामाचाही विचार करा. महिन्याचा तिसरा शनिवार म्हणजे तिसरा शनिवार, हे ऑफिसचं कॅलेंडर. एप्रिलमध्ये मोह वेचणं असतं, मे महिन्यात तेंदूपत्ता, जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरनंतर कापूस वेचणी. पहाटे चारला मोहाला जाऊन आलेल्या बाईकडून अकरा वाजता सादरीकरणाची अपेक्षा ठेवायची आणि ती गप्प बसली की आत्मविश्वास कमी आहे म्हणायचं, हे मी स्वतः केलं आहे.

पुरुष कार्यकर्त्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि तिथे तुम्ही जात या शब्दाला टाळून चालणार नाही. तुम्ही प्रश्नात ‘स्थानिक कार्यकर्ते’ असं लिहिलं आहे. ‘स्थानिक’ म्हटलं की सगळे एका ओळीत बसल्यासारखे वाटतात. पण तुमच्या त्या कार्यकर्त्यांत कुणी कुणबी असेल, कुणी तेली, बंजारा, गोंड, कुणी बौद्ध. ज्याच्या वडिलांच्या शेतावर कोलाम बायका निंदणाला येत आल्या, त्याने कोलाम बाईकडे रजेचा अर्ज द्यायचा आहे. हे प्रशिक्षणाने सुटत नाही, आणि तिला ‘ठाम बोलायला’ शिकवून तर मुळीच नाही. महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड हे तीन समूह विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे आदिवासींतही त्यांचं स्थान खालचं मानणारे आहेत. आणि कोलाम समाजातही पोडाचा नाईक पुरुषच असतो. तेव्हा ‘समाजातून नेतृत्व’ म्हणताना समाजातल्या कोणत्या घरातून, आणि त्या घरातल्या कोणाकडून, हे विचारावंच लागतं. तुम्ही बाईला निवडलंत ते बरोबरच केलंत, पण त्या निवडीने तिच्यावर दोन्ही बाजूंचा भार आला.

इथे काम तुमचं आहे. आमच्याकडे घाटंजीच्या ताई समन्वयक झाल्यावर पहिले काही महिने सगळे कार्यकर्ते मलाच फोन करायचे. रजा हवी, गाडी बंद पडली, तहसीलमध्ये कोणाला भेटू. मी उत्तर द्यायचे, कारण उत्तर मला माहीत असायचं आणि अर्ध्या मिनिटात काम व्हायचं. प्रत्येक उत्तरागणिक मी त्यांचं पद थोडं थोडं काढून घेत होते. मग मी एकच वाक्य ठेवलं: “ताईंना विचारा, त्या जे म्हणतील ते.” आणि फोन ठेवायचा. एकदा त्यांनी माझ्या मते चुकीचा निर्णय दिला, एका कार्यकर्त्याची बदली केली. तो माझ्या घरी आला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. चार महिने लागले. त्यातला एक जण सोडून गेला, चांगला कामाचा माणूस होता, वाईट वाटलं. पण तो राहावा म्हणून निर्णय फिरवला असता, तर पुढे कोणीच त्यांना विचारलं नसतं.

उघड अपमान, जातीवरून टोमणा, बाई म्हणून अश्लील बोलणं, यांतलं काही असेल तर मात्र थांबून बघू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागतेच, आणि त्या कायद्यात मानधनावरच्या व स्वयंसेवक बायकाही येतात. तुमच्याकडे अठरा माणसं आहेत. समिती फक्त कागदावर असेल तर आधी ती उभी करा, आणि बाहेरची सदस्य अशी घ्या की जिला तुमच्या ताई भीती न वाटता फोन करू शकतील.

आतापर्यंतचं थोडक्यात: गावभेटी आणि अहवाल यांचा संबंध अडकलेल्या पैशाशी असू शकतो, गप्प बसण्याचा बैठकीच्या जागेशी आणि भाषेशी, आणि न ऐकण्याचा जातीशी, मानधनाशी व तुमच्या फोनशी. राहिली सही.

२००९ मध्ये आम्ही एका दलित कार्यकर्तीला संस्थेची अध्यक्ष केलं. मोठा कार्यक्रम झाला, पेपरात फोटो आला. चेकवर दोन सह्या लागायच्या, अध्यक्ष आणि सचिव. सोय म्हणून आम्ही चेकबुक घेऊन महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचो आणि दहा-पंधरा कोऱ्या चेकवर त्यांच्या सह्या घ्यायचो. रक्कम आणि नाव ऑफिसात भरलं जायचं. पैशाची अफरातफर कधीच झाली नाही, म्हणून आम्हाला ते चुकीचंही वाटलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला. मी कारण विचारायला गेले तेव्हा त्या तूर झोडपत होत्या. काम न थांबवता म्हणाल्या, “सही माही होती ताई, हिशोब तुमचा होता.”

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण परत आल्या नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट आपण सगळेच सांगतो, पण तिच्यातला एक भाग सांगायचा राहतो. वनहक्क कायद्याखाली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा कागद २००९ मध्ये मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं तेव्हा कुठे गाव स्वतःचा बांबू स्वतःच्या सहीने विकू लागलं. त्या दोन वर्षांत मेंढ्याकडे जे होतं, तेच आमच्या अध्यक्षांकडे होतं, आणि मला भीती आहे की तेच तुमच्या समन्वयक ताईंकडे आहे. तुमच्या संस्थेत परवान्याचं पुस्तक कोणाकडे आहे ते शोधा. कधी ते चेकबुक असतं, कधी ईमेलचा पासवर्ड, कधी देणगीदाराच्या अधिकाऱ्याचा फोन नंबर.

त्याच गावाकडून दुसरं एक घेण्यासारखं आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे मित्र येऊन बसतात, कायदा समजावतात, माहिती देतात, वाद घालतात. निर्णय गाव घेतं, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. तुम्ही आणि तुमचे सहकारी पुण्याहून आलात यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तुमचं वाचन, कायद्याची समज, ओळखी हे सगळं कामाचं आहे. फक्त ते अभ्यासगटात ठेवा.

कोऱ्या चेकांच्या त्या प्रकारानंतर आम्ही काय केलं ते सांगते. प्रकल्पाचं अंदाजपत्रक इंग्रजीत एकाच माणसाला कळतं, हे आधी बंद केलं. ते मराठीत केलं, एका पानावर, सात-आठ ओळींत: किती आले, कशाला आले, किती उरले. दर महिन्याला ते पान समन्वयकाच्या हातात. मग दहा हजारांपर्यंतचा खर्च समन्वयकाने कोणालाही न विचारता मंजूर करायचा, असा ठराव केला. पहिल्याच तिमाहीत घाटंजीच्या ताईंनी फ्लेक्स बॅनरचे पैसे काढून बैठकीच्या वेळी लेकरं सांभाळणाऱ्या एका आजीला रोजाने पैसे द्यायला सुरुवात केली. बायकांची हजेरी कशाने वाढेल यावर आम्ही शहरात दोन कार्यशाळा केल्या होत्या, आणि उत्तर हे होतं.

एक खर्च त्यांचा चुकलाही. शिलाई मशीन घेतली, ती पडून राहिली. कार्यकारिणीत प्रश्न आला. मी तेव्हा आधीच्या समन्वयकाच्या काळातली एक फाइल काढली, त्यात मशीनपेक्षा कितीतरी जास्त रक्कम एका न चाललेल्या ॲपवर गेली होती. त्या वेळी आम्ही सगळे म्हणालो होतो, शिकतोय, होतं असं. तुमच्या कार्यकारिणीतल्या त्या दोघांना हेच विचारा. आधीच्या समन्वयकाचा पहिल्या वर्षाचा अहवाल वेळेवर आला होता का? जुने ईमेल काढून तारखा बघा. एकाचं उशीर करणं म्हणजे शिकणं आणि दुसरीचं उशीर करणं म्हणजे घाई झाल्याचा पुरावा, असं चालणार नाही.

‘घाई झाली’ यावर मला विदर्भातल्या माणसाने तरी विश्वास ठेवू नये असं वाटतं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, बाबासाहेब तिथे बोलले, हजारो बायका जमल्या होत्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्याच काळात नागपुरात जाईबाई चौधरी होत्या, ज्यांनी डोक्यावरून ओझी वाहिली, शिकल्या, आणि आपल्या समाजातल्या मुलींसाठी शाळा काढली. त्यांना कोणी क्षमता बांधणीच्या तीन दिवसांना पाठवलं नव्हतं. आपल्या भागात खालच्या थरातून बायकांचं नेतृत्व उभं राहिलं, त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. त्याला जागा करून द्यायला आपल्या संस्था मागे पडल्या आहेत.

देणगीदारांचं थोडं. समाजाच्या नेतृत्वाचा आग्रह धरणारेच दर महिन्याला इंग्रजीत दहा पानांचा अहवाल मागतात. तुमचा देणगीदार कसा आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे, पण विचारल्याशिवाय राहू नका. आम्ही तिघांना लिहिलं की अहवाल मराठीत देऊ, मासिकऐवजी तिमाही देऊ, आणि गावभेटीच्या अग्रिमासाठी पहिला हप्ता थोडा मोठा द्या. दोघांनी मान्य केलं. तिसऱ्याने नाही केलं, तेव्हा भाषांतराचा खर्च त्याच्याच अंदाजपत्रकात टाकला.

परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यातली (एफसीआरए) २०२० ची दुरुस्ती लक्षात ठेवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. त्यामुळे पोडांवरच्या छोट्या मंडळांना निधी वळवून नेतृत्व तिकडे द्यायचा जुना रस्ता त्या पैशापुरता उरला नाही. नेतृत्व तुमच्या संस्थेच्या आतच आणावं लागणार. शिवाय गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार कार्यक्रम खर्चात बसतो, तीच व्यवस्थापनाच्या पदावर गेली की तो प्रशासकीय शीर्षाखाली जाऊ शकतो. तुमच्या सीएला हे आधी विचारून घ्या, नाहीतर वर्षअखेरीला तिचाच पगार ‘मर्यादेबाहेर जातो’ म्हणून कापायचा विषय निघतो. असं होताना मी पाहिलं आहे.

पुढे त्यांना कार्यकारिणीत घ्यायचं झालं, आणि मला वाटतं दोन वर्षांत घ्यावंच, तर ठराव करून धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, दाखल करा. पुष्कळ संस्था कार्यक्रमात सत्कार करतात आणि चेंज रिपोर्ट राहून जातो. मग धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत (अनुसूचीवर) वर्षानुवर्षं जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या माणसाची सही घेत नाही.

आता माझा अंदाज कुठे चुकू शकतो ते. तुमच्याकडे अग्रिम आधीपासून असेल, पगार बरोबरीचा असेल, बैठक पोडावर होत असेल, तर वरचं बरंचसं लागू नाही आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल. घरी आजारपण, नवऱ्याचं दारूचं व्यसन, मुलीचं लग्न, हेही असू शकतं, आणि ते त्या तुम्हाला सांगणार नाहीत, एखाद्या सहकारी बाईला सांगतील. काही कामं खरोखर शिकावी लागतात, जसं संगणक, हिशोबाचे तक्ते, अधिकाऱ्याला पत्र. त्यासाठी प्रशिक्षण जरूर द्या, पण शहरातलं तीन दिवसांचं निवासी नको. आठवड्यातून एक दुपार, त्यांच्याच कामाचे कागद घेऊन, तुमच्या लेखापालाने शेजारी बसून शिकवलेलं जास्त टिकतं.

आणि एक शक्यता अशी की त्यांना हे पद नकोच असेल. तुम्ही विचारलं होतं का, की जाहीर केलं होतं? घाटंजीच्या ताईंना हवं होतं. त्यांच्यानंतर आम्ही ज्यांना सुचवलं त्यांनी सरळ सांगितलं, “मले गावातच राहू द्या, मी तिथंच जास्त कामाची.” त्या आज ऑफिसात नाहीत, पण अंदाजपत्रक ठरवणाऱ्या समितीत आहेत, आणि त्यांच्या होकाराशिवाय त्यांच्या भागातला एकही कार्यक्रम मंजूर होत नाही. तेही नेतृत्वच आहे, त्याला खुर्ची लागली नाही.

म्हणून विचारायला जा. ऑफिसात बोलावून नको, त्यांच्या घरी जा, बाजाराचा दिवस सोडून, संध्याकाळी. बरोबर कार्यकारिणीतलं कोणी नको. पद ठेवायचं का, सोडायचं का, वेगळं काही हवं का, आणि ठेवायचं तर कोणकोणत्या गोष्टी बदलायला हव्यात, हे त्यांनी सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं. पण त्याआधी लेखापालाकडून त्यांची सगळी थकलेली बिलं काढा, पैसे त्यांच्या खात्यात जमा करा, आणि ते जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर गेल्यावरच घरून निघा.